दक्षिणकाशी पैठण : नाथांच्या गावी जाण्यापूर्वी

मंठा : मराठवाड्यात घरातील वडीलधारी मंडळी ‘गंगेवर जाऊन येतो’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात उत्तरेतील गंगा नसते. ती असते गोदावरी. तिच्या काठच्या सुपीक पट्ट्याला ‘गंगथडी’ म्हणतात आणि त्या पट्ट्यातील सर्वात मोठ्या तीर्थाला दक्षिणकाशी. हे तीर्थ म्हणजे पैठण. फाल्गुन महिना लागला की मंठा, परतूर, जालना, अंबड या भागांतून नाथषष्ठीसाठी पैठणकडे दिंड्या निघतात. वर्षभर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया विधींसाठी येणाऱ्या कुटुंबांची वर्दळ वेगळीच. पैठणला एकदाही न गेलेले वारकरी घर या भागात शोधूनच काढावे लागेल. तथापि, ज्या नगरीत आपण जातो ती किती जुनी आहे, षष्ठीच्या तीन दिवसांत नेमके काय घडते आणि ज्या पाण्यात आपण डुबकी मारतो ते कोठून येते, याची माहिती फारच थोड्या भाविकांना असते. ती एकत्रित देण्याचा हा प्रयत्न.

प्रतिष्ठान ते पैठण

पैठणचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ही राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या मोठ्या भागावर येथून राज्य चालत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख येतो. बॅरिगाझा, म्हणजे आजच्या गुजरातमधील भडोच बंदरापासून हे शहर दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असे त्यात नमूद आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून त्या बंदराकडे जात आणि पुढे समुद्रमार्गे पश्चिमेला पोहोचत. याच ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे शहर असल्याचे म्हटले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, संत गोरोबाकाकांचे गाव. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी यानेही पैठणची नोंद पुळुमावी राजाची राजधानी म्हणून केली आहे.

हाल सातवाहनाच्या नावे प्रसिद्ध असलेला ‘गाथासप्तशती’ हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. मराठीच्या पूर्वजांपैकी एक मानली गेलेली ही भाषा राजदरबारात मान पावली ती सातवाहनांच्या काळात. पंचांगात आजही छापली जाणारी शालिवाहन शकाची गणना लोकपरंपरेने पैठणच्या शालिवाहन राजाशी जोडली आहे. या शकाचा आरंभ इसवी सन ७८ चा. त्याचा प्रारंभ नेमका कोणत्या राजाने केला याविषयी इतिहास संशोधकांची मते वेगळी आहेत. मात्र लोकांच्या मनात शक आणि पैठण यांची गाठ पक्की आहे.

गोदेच्या काठावरील नागघाट हे पैठणचे जुने वैभव सांगणारे ठिकाण. १९९० च्या दशकात या परिसरात झालेल्या उत्खननात विटांच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष मिळाले. आळंदीहून शुद्धिपत्रासाठी आलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांची कथाही याच घाटाशी निगडित आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले ते येथे, अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांचे पूर्वज ज्या आपेगावचे, ते गावही गोदाकाठी, पैठणपासून जवळच आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी यांचेही वास्तव्य प्रतिष्ठानात होते. जैन धर्मीयांसाठी विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे पैठणचे मंदिर हे अतिशय क्षेत्र आहे. एकाच गावात इतक्या परंपरांच्या वाटा मिळाव्यात, असे भाग्य थोड्याच नगरींच्या वाट्याला आले.

नाथांचे गाव

इतिहासाच्या दृष्टीने पैठण सातवाहनांचे असले, तरी आजच्या भाविकाच्या दृष्टीने ते नाथांचे आहे. संत एकनाथांचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. १५३३ ते १५९९ असा मानला जातो. त्यांचे गुरू जनार्दन स्वामी हे देवगिरी किल्ल्यावर अधिकारी होते. तेथे गुरुसेवा करून नाथ पैठणला परतले आणि गृहस्थाश्रमात राहूनच त्यांनी परमार्थ साधला. घरदार सोडून अरण्यात जाण्याची गरज नाही, हे त्यांनी आपल्या जगण्यातून दाखविले.

नाथांचे वाङ्मयीन कार्य अफाट आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका ‘एकनाथी भागवत’ म्हणून सर्वपरिचित आहे. पैठणला आरंभ झालेला हा ग्रंथ इ. स. १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झाला. भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आधी हरकत घेतली आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. काशी आणि दक्षिणकाशी यांना जोडणारा हा प्रसंग मराठी भाषेच्या अभिमानाचाही आहे. पुढे इ. स. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतरात आणि नकलांमध्ये शिरलेले पाठभेद दूर करण्याचे हे काम म्हणजे मराठीतील ग्रंथसंपादनाचा आद्य नमुना होय. ‘भावार्थ रामायण’, ‘रुक्मिणी स्वयंवर’ आणि गावोगावी गायिली जाणारी भारुडे ही त्यांची आणखी देणगी. ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहून दोन धर्मांतील माणसांना समोरासमोर बोलते करणारे नाथच.

नाथांच्या आख्यायिकांमध्ये पाणी आणि नदी वारंवार येतात, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. काशीचे गंगाजल कावडीने रामेश्वराकडे नेत असताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या मुखी रिती केली. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत भरकटलेले दलित समाजातील मूल त्यांनी उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले. स्नान करून येताना अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता ते पुनःपुन्हा नदीत उतरले. द्वारकेचा श्रीकृष्ण ‘श्रीखंड्या’ नावाने बारा वर्षे त्यांच्या घरी राहिला, तोही कावडीने गोदेचे पाणी भरण्यासाठीच. या कथांकडे चमत्कार म्हणून पाहावे की उपदेश म्हणून, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु तीर्थाचे पाणी हे तहानलेल्याच्या हक्काचे आहे, हा त्यांतील आशय मात्र निर्विवाद आहे.

षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी

फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. जनार्दन स्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरू-शिष्यांची भेट, जनार्दन स्वामींचे निर्वाण आणि नाथांची जलसमाधी हे पाचही प्रसंग एकाच तिथीचे मानले जातात. त्यामुळे या दिवसाला ‘पंचपर्व’ म्हणतात. होळीनंतर सहाव्या दिवशी ही तिथी येते आणि इंग्रजी कॅलेंडरनुसार ती बहुधा मार्चमध्ये पडते.

उत्सवाची चाहूल मात्र आधीच लागते. तुकाराम बीजेला, म्हणजे वद्य द्वितीयेला, गावातील नाथवाड्यातील रांजणाची पूजा होते आणि त्यात गोदेचे पाणी भरण्यास आरंभ होतो. श्रीखंड्याने भरलेला हाच तो रांजण, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कितीही पाणी घातले तरी तो लवकर भरत नाही आणि भरला की देव येऊन गेला असे समजतात. षष्ठीला नाथवंशजांची निर्वाण दिंडी गावातील मंदिरातून नदीकाठच्या समाधी मंदिराकडे जाते. सप्तमीला छबिना निघतो. अष्टमीला सूर्यास्ताच्या सुमारास काल्याची दहीहंडी फुटते आणि यात्रेची सांगता होते.

पहिल्यांदा येणाऱ्या भाविकांचा एक गोंधळ नेहमी होतो. पैठणमध्ये नाथांची दोन स्थाने आहेत. एक गावातील नाथ मंदिर, म्हणजे नाथांचा राहता वाडा. नाथांच्या नित्यपूजेतील विजयी पांडुरंगाची मूर्ती आणि रांजण येथे आहेत. दुसरे गोदाकाठचे समाधी मंदिर. यात्रेच्या गर्दीत एकाच ठिकाणी दर्शन घेऊन अनेक जण परततात. दोन्ही ठिकाणे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, हे आधी ठाऊक असल्यास नियोजन सोपे जाते. गर्दी टाळून निवांत दर्शन हवे असल्यास षष्ठीचे तीन दिवस, एकादशी आणि सुटीचे दिवस वगळावेत. ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी येथूनच आषाढी वारीसाठी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाटचाल आहे.

‘गंगेवर नेणे’

पैठणला येणारे सर्वच जण उत्सवासाठी येत नाहीत. घरातील माणूस गेल्यावर त्याला ‘गंगेवर नेण्याची’ प्रथा या भागात जुनी आहे. अस्थिविसर्जन, दहाव्या दिवशीचे पिंडदान, कावळा शिवेपर्यंत ताटकळणारी कुटुंबे, हे गोदाकाठावरील नेहमीचे दृश्य होय. या विधींभोवती उभ्या राहिलेल्या जगाचे, राखेतून नाणी वेचणाऱ्या मुलासह, चित्रण ज्येष्ठ लेखक बाबा भांड यांनी ‘दशक्रिया’ या कादंबरीत केले. तिच्यावर बेतलेला याच नावाचा मराठी चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

दुःखात असलेल्या कुटुंबाला घासाघीस करण्याचे त्राण नसते. म्हणूनच विधीसाठी जाताना काही गोष्टी घरूनच ठरवून निघणे श्रेयस्कर. कोणते विधी करायचे, त्याला साधारण किती वेळ लागेल आणि दक्षिणा किती, हे पुरोहितांशी आधी स्पष्ट बोलून घ्यावे. दुःखाच्या घरी पैशाचे बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे, पण न बोलल्यानेच पुढे मनस्ताप होतो. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, फोटोच्या चौकटी, मृताचे कपडे आणि अंथरूण नदीत सोडू नये. शास्त्रातही त्याला आधार नाही. अलीकडे अनेक शेतकरी कुटुंबे रक्षा आपल्याच शेतात खड्डा करून पुरतात आणि तेथे झाड लावतात. थोड्या अस्थी तेवढ्या गोदार्पण करतात. श्रद्धा आणि नदी या दोहोंचा मान राखणारी ही पद्धत आहे.

मंठा तालुक्यातील लोकांना गोदाकाठ गाठण्यासाठी पैठण हा एकमेव पर्याय नाही, हेही सांगितले पाहिजे. अंबड तालुक्यातील शहागड, परभणी जिल्ह्यातील संत जनाबाईंचे गंगाखेड आणि नांदेड ही ठिकाणेही गोदाकाठीच आहेत. विशेष म्हणजे मंठा तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणारी पूर्णा नदीही पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीलाच मिळते. आपल्या शिवारात पडलेला पाऊसही अखेरीस गंगेतच जातो. फक्त तो पैठणच्या खाली जातो.

नदी, धरण आणि डुबकी

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळणारी गोदावरी पैठणला पोहोचते, ती आता नदी म्हणून नव्हे तर जलाशय म्हणून. गावाला लागूनच जायकवाडी धरण आहे. त्याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणाला २७ दरवाजे आहेत. एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी असून त्यापैकी सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त, तर उरलेला मृत साठा आहे. जलाशयाला नाथसागर हे नाव देण्यात आले. शंभरहून अधिक गावांना या पाण्यासाठी आपली घरे आणि शेते सोडावी लागली, हेही विसरता येत नाही.

धरणाने मराठवाड्याचे चित्र पालटले. डावा कालवा छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून, तर उजवा बीड जिल्ह्याकडे जातो. छत्रपती संभाजीनगर आणि जालना शहरांची तहान नाथसागरावर भागते. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगा अनुभवलेल्या जालनेकरांना या पाण्याचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु याच धरणामुळे पैठणच्या घाटावरील चित्रही बदलले. दरवाजे बंद असले की खालचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते किंवा डबक्यांत उरते. नाथषष्ठी नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. त्यामुळे वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून पात्रात पाणी सोडावे लागते. जी नदी पूर्वी आपल्या गतीने वाहत होती, तिची डुबकी आता जलसंपदा विभागाच्या नियोजनावर अवलंबून आहे. पावसाळ्यात परिस्थिती उलट होते. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून झालेल्या प्रचंड विसर्गाने पैठण शहरात पाणी शिरले होते. म्हणूनच पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना किंवा भोंगा वाजल्यावर कोणीही पात्रात थांबू नये. पाणी कमी असतानाही वाळू उपशामुळे पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. पोहता येत नसणाऱ्यांनी घाटाच्या पायऱ्या सोडू नयेत.

या पाण्यात वाटेकरी अनेक आहेत. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे वर आहेत आणि जायकवाडी खाली. पावसाने ओढ दिली की वरचे पाणी खाली सोडण्यावरून दोन्ही बाजूंनी आंदोलने होतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला आणि त्यात नदीखोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेल्या आदेशाने १५ ऑक्टोबरचा साठा पाहून निर्णय घ्यावा, असा दंडक घातला. जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त पाणी असेल तर वरच्या धरणांतून ते सोडावे, असा त्याचा सर्वसाधारण आशय. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही वाद पेटलाच. ६५ टक्क्यांचा निकष बदलावा की राखावा, याची चर्चा पुढेही चालूच राहिली.

प्रश्न केवळ किती पाण्याचा नाही, कोणत्या पाण्याचाही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गोदावरीचा समावेश होता. वरच्या शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि काठावर होणारी घाण यांचा भार एकाच प्रवाहावर पडतो. घाटावरील पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेणे वेगळे आणि ते पिणे वेगळे. पिण्यासाठी घरून किंवा शुद्ध केलेलेच पाणी न्यावे, विशेषतः लहान मुले आणि वृद्ध सोबत असताना.

मंठ्याहून जाताना

मंठ्याहून वाटूर फाटा, जालना, अंबड आणि पाचोडमार्गे पैठण सुमारे दीडशे किलोमीटर आहे. एसटीने जायचे झाल्यास जालन्याला गाडी बदलणे सोयीचे. पैठणला रेल्वे नाही. मंठ्याला जवळचे स्थानक परतूर. तेथून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जाऊन पुढे सुमारे पन्नास किलोमीटर एसटीने जाता येते. रस्त्याने गेल्यास अंबडला मत्स्योदरी देवीचे दर्शन वाटेतच होते आणि पाचोड परिसरात मोसंबीच्या बागा लागतात.

सकाळी लवकर पोहोचल्यास स्नान, समाधी मंदिर, गावातील नाथ मंदिर आणि नागघाट हे सर्व दुपारपर्यंत आटोपते. उरलेल्या वेळात पैठणीचे विणकाम अवश्य पाहावे. २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेली ही साडी हातमागावर विणली जाते. काठपदरावरील मोर, मुनिया, आसावली ही नक्षी एकेक धागा हाताने गुंतवून काढली जाते. म्हणूनच एका साडीला अनेक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. खरेदी करताना पदर उलटून पाहावा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे मोकळे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावर विणलेली समजावी. हिवाळ्यात गेल्यास नाथसागरावर फ्लेमिंगोंसह अनेक स्थलांतरित पक्षी दिसतात. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे.

निघताना अनेक जण बाटलीत गोदेचे पाणी भरून घेतात आणि देवघरात ठेवतात. ते पाणी त्र्यंबकहून निघून, अनेक धरणे ओलांडून, कोणाच्या तरी वाट्यातून सुटून आपल्यापर्यंत आलेले असते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणे ज्या गावांना नवे नाही, त्या गावांच्या भाविकांना तरी हे वेगळे सांगायला नको. नाथांनी कावड रिती केली ती तहानलेल्या जिवासाठी. त्यांच्या गावी जाऊन आल्यावर पाण्याच्या वाटपाची बातमी वाचताना ही गोष्ट आठवली, तरी यात्रा सफल झाली म्हणायची.